बाळ बोलत नाही, म्हणून थांबायचं का? ऑटिझमचा मेंदू, निदान आणि उपचार

(पाचोड, ता. पैठण येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पाचोडला यायचं ठरलं तेव्हा विषय कोणता घ्यावा यावर आम्हाला फार खल करावा लागला नाही. आशाताईंनी आणि अंगणवाडीताईंनी जे प्रश्न आधी लिहून पाठवले होते, त्यातले निम्मे एकाच गोष्टीभोवती फिरत होते. मूल तीन वर्षांचं झालं, बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. कान तपासले, ठीक आहेत. मोबाइलवरची गाणी मात्र जशीच्या तशी पाठ आहेत. आजी म्हणते, थांबा, याचा बाप पण उशिराच बोलला होता. आता काय करायचं?

आजचं बोलणं या 'थांबा' शब्दाबद्दलच आहे. आणि तो शब्द फक्त आजीचा नाही. आमचाही आहे. काही वर्षांपूर्वी एक आई दोन वर्षांचा मुलगा घेऊन आमच्याकडे आली होती. आम्ही तिला सांगितलं, "मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट पाहू." ती परत आली तेव्हा मुलगा साडेचार वर्षांचा होता. मधल्या काळात दोन नवस झाले होते, एक वैदू झाला होता, टॉनिकच्या बाटल्या तर मोजल्याच नव्हत्या. ती रागावली नाही. तिने पिशवीतून जुनी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर अक्षर आमचं होतं. त्या दिवसापासून आम्ही हा शब्द जपून वापरतो.

आधी नावाचं बघू. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द चांगला वाटतो, पण तो थोडी दिशाभूल करतो. मूल स्वतःत रमलंय, त्याला जगाशी देणंघेणं नाही, असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच मुलांना माणसं हवी असतात, आई नजरेआड झाली तर ती रडतात. अडचण आहे ती समोरच्याशी जुळवून घेण्याच्या, देवाणघेवाणीच्या वाटेत. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांचं वर्णन छापलं आणि या अवस्थेला आजचं नाव मिळालं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी चांगलं बोलणाऱ्या, पण मिसळता न येणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं. अनेक वर्षं हे दोन वेगळे आजार मानले गेले. २०१३ पासून दोन्ही एकाच छत्राखाली आले: ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. आज आपण सरळ ऑटिझम म्हणू.

आता मेंदूकडे. बाजरी दाट पेरली गेली तर आपण काय करतो? उगवून आली की विरळणी. नाहीतर सगळीच रोपं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि कणीस भरत नाही. बाळाच्या मेंदूचं काहीसं असंच आहे. दोन मज्जापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात, आपण सांधा म्हणू. जन्मानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हे सांधे गरजेपेक्षा किती तरी जास्त तयार होतात. नंतर जे वापरात येतात ते पक्के होतात, बाकीचे मेंदू स्वतःच काढून टाकतो. मेंदूची विरळणीच म्हणा. २०१४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी, ज्या मुलांचे मेंदू मृत्यूनंतर पालकांनी अभ्यासासाठी दिले होते, त्यांत हे सांधे मोजले. इतर मुलांमध्ये बालपण संपेपर्यंत सांध्यांची संख्या साधारण निम्म्याने उतरली होती. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये ती फक्त १६ टक्क्यांनी उतरली होती. मेंदू थोडेच होते, त्यामुळे हे प्रत्येक मुलाला लागू आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण एक गोष्ट यातून समजते. ही मुलं आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श यांनी एवढी का बेजार होतात? निरोप खूप येतात आणि गाळणी कमी पडते. लग्नाच्या मांडवात डीजेसमोर उभं राहून कुणी आपल्या कानात काही सांगत असावं, तसं.

त्याच वर्षी दुसरा एक अभ्यास आला. मेंदूच्या बाह्य थरात पेशींचे पदर असतात, भिंतीच्या विटांच्या रांगांसारखे. ऑटिझम असलेल्या ११ मुलांच्या मेंदूंपैकी १० मध्ये या पदरांत मधूनमधून विस्कटलेले छोटे ठिपके सापडले. हे पदर रचले जातात ते आईच्या पोटात, गरोदरपणातच. हा मुद्दा लक्षात ठेवा, लसीकडे आलो की तो परत लागेल.

आता हे वाचून कुणी म्हणेल, पोटातच ठरलंय तर मग धावपळ कशाला? इथेच गंमत आहे. २०१३ साली वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी अगदी तान्ह्या बाळांची नजर यंत्राने टिपली. पुढे ज्यांना ऑटिझम असल्याचं निदान झालं, ती बाळंदेखील दोन महिन्यांची असताना माणसाच्या डोळ्यांकडे इतरांसारखीच बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान हे बघणं हळूहळू उतरत गेलं. म्हणजे बियाणं वेगळं आहे, हे खरं. पण पीक त्या क्षणी पूर्ण ठरलेलं नसतं. मूल चेहऱ्यांकडे कमी बघतं, म्हणून चेहऱ्यांबद्दल कमी शिकतं. कमी शिकतं म्हणून चेहरे आणखी अवघड वाटतात, आणि ते आणखी कमी बघतं. आणि मेंदूची विरळणी तर वापरावरच चालते! असं एक-एक वर्ष जातं. 'थांबा' म्हणताना आपण हे वर्ष खर्ची घालत असतो.

कारणांबद्दल बोलताना पहिलं माफीचं बोलायला हवं, कारण वैद्यकशास्त्राने आयांवर मोठा अन्याय केलेला आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत मोठमोठे लोक सांगत होते की थंड, प्रेम न करणाऱ्या आईमुळे मूल असं होतं. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुरावा जवळजवळ शून्य. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजातून झालेल्या, म्हणजे अगदी सारख्या दिसणाऱ्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोन्ही मुलांना ऑटिझम होता. वेगवेगळ्या बीजांतून झालेल्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत दोघांना नव्हता. आई दोघांची तीच, माया तीच, घर तेच. मग फरक कुठून आला? जनुकांतून. त्यानंतर लाखो कुटुंबांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि आज अंदाज असा आहे की ऑटिझमचा साधारण ८० टक्के भार आनुवंशिक घटकांवर आहे. त्यासाठी एखादं 'ऑटिझमचं जनुक' नाही. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. काहींचा एकट्याचाच मोठा असतो, उदाहरणार्थ सांधे उभारणारं शँक-३. काही बदल आईवडिलांत नसतातच, मुलात नव्याने झालेले असतात. त्यामुळे "तुमच्या घराण्यात आहे" आणि "तिच्या माहेरचं आहे" ही भांडणं फिजूल आहेत. ती कृपया घरी गेल्यावर थांबवा.

एका मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडात त्याची शक्यता साधारण पाचात एक असते. म्हणून धाकट्यावर पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवायचं. फिटसाठी व्हॅल्प्रोएट नावाची गोळी घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिले तर बाळात हा धोका वाढतो, हे पक्कं माहीत आहे. पण ऐकून घ्या, गोळी स्वतःहून बंद करायची नाही, फिट जिवावर बेतू शकते. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्यायची.

लसीचा प्रश्न चिठ्ठ्यांमध्ये तीनदा आलाय. १९९८ साली लंडनच्या अँड्र्यू वेकफील्ड यांनी १२ मुलांवरून गोवराच्या एकत्रित लसीकडे बोट दाखवलं. पुढे त्यातली लबाडी उघड झाली, २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला आणि त्यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. दरम्यान डेन्मार्कने आधी पाच लाखांवर आणि नंतर २०१९ मध्ये साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक नाही. मग लोकांना तसं वाटतं का? कारण गोवराची लस असते नऊ महिन्यांना आणि दीड वर्षाला, आणि ऑटिझमची लक्षणं नजरेत भरू लागतात ती नेमकी त्याच सुमाराला. काही मुलं तर दीड वर्षापर्यंत चार-पाच शब्द बोलतात आणि मग ते शब्द हरवतात. आईला आठवतं ते इंजेक्शन. पण मघाशी सांगितलेले ते विस्कटलेले पदर लसीच्या किती तरी आधीचे आहेत.

आणि मोबाइल? मोबाइलने ऑटिझम होतो असं नाही. मात्र चार तास पडद्यासमोर बसलेलं मूल चार तास माणसांपासून दूर असतं, आणि ज्या मुलाला माणसांचा सराव जास्त हवा त्याच्याच हातून तो जातो. म्हणून बंद करायचा. ऑटिझम नसेल तरीही.

ओळखायचं कसं? तुमच्यासारख्या बायकांना हे आमच्यापेक्षा लवकर कळतं, कारण तुम्ही रोज मुलं पाहता. नऊ महिने ते वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघतं का? वर्ष-सव्वा वर्षाचं मूल बोटाने दाखवतं का? इथे नीट बघा, कारण बोट दोन प्रकारचं असतं. बिस्किटाच्या डब्याकडे बोट म्हणजे 'मला दे'. एसटी आली, बैलजोडी गेली, चांदोमामा दिसला, म्हणून बोट दाखवून मूल पुन्हा आईच्या तोंडाकडे बघतं, म्हणजे 'तू पण बघ ना'. हे दुसरं बोट दिसत नसेल तर आम्हाला काळजी वाटते. बोलण्याच्याही आधी वाटते. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचं वाक्य नाही, हवी ती वस्तू घ्यायला आपला हात धरून हत्यारासारखा वापरतो, गाडी चालवत नाही पण तिचं चाक तासभर फिरवतो, आपडी-थापडीत भाग घेत नाही, मिक्सर लागला की कान झाकतो, तीनच पदार्थ खातो. यातली एखादी गोष्ट कुठल्याही मुलात असते. जुळून आल्या तर तपासायच्या. पण आलेलं बोलणं गेलं, तर एकट्या त्या लक्षणावरही त्याच आठवड्यात दाखवायचं, वय कितीही असो.

मुलींबद्दल एक वेगळं सांगतो. निदान मुलग्यांचं मुलींपेक्षा साधारण तीन-चार पट जास्त होतं. त्यातला काही फरक खरा आहे, काही आपल्या नजरेचा आहे. मुलगा कोपऱ्यात बसला तर काळजी, मुलगी बसली तर 'गुणाची आहे हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात'. अशा गुणाच्या मुली आमच्याकडे येतात त्या दहा-बारा वर्षांच्या झाल्यावर, शाळा सुटल्यावर. आणि काही घरांत तर उपाय म्हणून थेट लग्नच ठरवलेलं असतं. या भागात मुलींच्या कमी वयातल्या लग्नांवर जे काम झालंय, त्या कामात ही मुलगीही धरा.

हे किती मुलांत असतं? पाच ठिकाणच्या मुलांची घरोघर पाहणी करून २०१८ मध्ये एक मोठा भारतीय अभ्यास छापला गेला. आपल्या जवळचं उत्तर गोवा त्यात होतं. ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक असं निघालं. पाचोड आणि भोवतीच्या वाड्या-तांड्यांवरची हजार मुलं धरा, त्यात दहा. शाळेच्या पटावर यातली किती दिसतात, ते गुरुजींनी मनात मोजावं.

निदानासाठी रक्ताची तपासणी नाही, एमआरआय नाही. फिट येत असतील तर ईईजी लागतो, आणि या मुलांत फिट येण्याचं प्रमाण जास्त असतंही. कानांची तपासणी मात्र सगळ्यांत आधी, आणि टाळी वाजवून नव्हे, यंत्रावर. बाकी निदान होतं ते मुलाला बघून आणि आईला विचारून. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची एम-चॅट नावाची चाळणी आहे, ती कुणीही शिकलेली ताई भरू शकते. चाळणीत अडकलं म्हणजे ऑटिझम आहेच, असं नाही. पुढे पाठवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात 'इसा' हे मापन वापरतात, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत ते तयार झालं. त्यात ४० प्रश्न आहेत. नजर देत नाही, तेच तेच शब्द बोलतो, विनाकारण अंगावर धावतो, वगैरे. प्रत्येकाला १ ते ५ गुण, ते वागणं शंभरातला किती वेळ दिसतं त्यावर. वीस टक्क्यांपर्यंत वेळा असेल तर १, ऐंशीच्या वर असेल तर ५. एकूण ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही. १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

आता, टक्केवारीत उत्तर द्या म्हटलं की आई गोंधळते. पण पाचोडमध्ये यावर उत्तर फार पूर्वीच शोधलेलं आहे, आणि ते आम्ही बाहेरून येऊन तुम्हाला सांगावं हे जरा विनोदी आहे. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटच्या कामातून डॉ. नंदिता कपाडिया-कुंडू आणि डॉ. अशोक दयालचंद यांनी 'पाचोड पैसा स्केल' बनवली. कल्पना साधी. कमी शिकलेल्या माणसाला 'अजिबात सहमत नाही ते पूर्ण सहमत' असल्या पायऱ्या समजत नाहीत, पण रुपयातले किती पैसे हे सगळ्यांना समजतं. म्हणून विचारायचं, तुमचं म्हणणं शंभर पैशांतलं किती? आम्ही 'इसा' भरताना आता सरळ तसंच विचारतो. "हाक मारली तर रुपयातले किती पैसे वेळा बघत नाही?" आई क्षणभर विचार करते आणि म्हणते, "बारा आणे तरी धरा." म्हणजे ७५ पैसे, चार गुण. झालं काम.

'स्पेक्ट्रम' हा शब्दही या पैशांतून समजतो, फक्त एक खबरदारी घ्यायची. लोकांना वाटतं स्पेक्ट्रम म्हणजे एकच रुपया, कुणाचा ऑटिझम दहा पैसे, कुणाचा नव्वद. तसं नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात वेगवेगळी नाणी आहेत. एकाचं बोलणं नव्वद पैसे आहे, पण मैत्री दहा पैसे. दुसऱ्याचं बोलणं शून्य, पण कोडं सोडवणं शंभर. तिसऱ्याला गर्दी अजिबात सोसत नाही, बाकी सगळं बेताचं. या सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढला तर तो सरकारी कागदाला उपयोगी आहे. शिकवायला मात्र प्रत्येक नाणं वेगळं पाहावं लागतं. म्हणून प्रमाणपत्राचा आकडा बघून "एवढाच जमेल याला" असं कुणी ठरवू नये.

उपचार. आधी स्पष्ट करू, ऑटिझम घालवणारं औषध नाही. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल ही दोन औषधं अतिचिडचिड, स्वतःला चावणं, डोकं आपटणं यासाठी काही मुलांना देतात. त्याने वजन वाढतं, झोप येते, तपासण्या ठेवाव्या लागतात. झोपेसाठी कधी मेलाटोनिन. बोलणं यांपैकी कशानेच येत नाही.

मग येतं कशाने? रोजच्या देवाणघेवाणीने, आणि ती द्यायला सगळ्यांत जास्त वेळ ज्यांच्याकडे आहे ते पालक. ब्रिटनमध्ये 'पॅक्ट' नावाची पद्धत तयार झाली. आई आणि मूल दहा मिनिटं खेळतात, त्याचं चित्रण करतात. मग थेरपिस्ट आईसोबत बसून ते बघते आणि नेमका तो क्षण दाखवते जिथे मुलाने काहीतरी केलं आणि आईने त्याला धरून उत्तर दिलं. "हे बघा, इथे तो तुमच्याकडे वळला. त्याआधी तुम्ही काय केलं होतं?" चुका काढायच्या नाहीत, जमलेलं दाखवायचं. या १५२ मुलांपैकी १२१ मुलांना साधारण सहा वर्षांनी पुन्हा शोधून पाहिलं, तेव्हाही ज्यांच्या आईवडिलांनी हे शिकलं होतं त्या मुलांची लक्षणं तुलनेने सौम्य होती. परिणाम मध्यम आहे, चमत्कार नाही. पण सहा वर्षं टिकला.

तिथे हे काम वाचातज्ज्ञ करत होते. आपल्याकडे ते आणायचे कुठून? हा प्रश्न गोव्यात 'संगाथ' या संस्थेने हाती घेतला. डॉ. गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी, सोबत पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटाने, हीच पद्धत तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवली. त्यांनी दर पंधरा दिवसांनी एक अशी बारा सत्रं घेतली. एकूण ६५ मुलं होती, आणि २०१६ साली निष्कर्ष छापून आले. पालक मुलाच्या लयीत उत्तर देऊ लागले, मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट कमी झाला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की तज्ज्ञाचं पाटीभर काम गावातली शिकवलेली व्यक्ती करू शकली. बाळंतपण आणि नवजात बाळाच्या बाबतीत गावातल्या बायकांना शिकवून काय होतं, हे या भागाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

घरी काय करायचं, तर एवढं. रोज दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. तो चाक फिरवतोय? ओढून घेऊ नका, तुम्हीही दुसरं चाक फिरवा. "गोल गोल", एवढंच म्हणा. "हे काय आहे? सांग, सांग ना" अशी परीक्षा नको. मग चाक थांबवा आणि पाच-दहा सेकंद गप्प राहा. त्याने नजर दिली, आवाज केला, हात लावला, की लगेच फिरवा. तेच त्याचं बोलणं. हे गप्प राहणं फार अवघड जातं, विशेषतः आज्ज्यांना. 'थांबा' हा शब्द आम्ही आता फक्त या पाच-दहा सेकंदांसाठी वापरतो.

शब्द नसतील तर चित्रं वापरा: पाणी, भाकरी, शू, बाहेर. "चित्राची सवय लागली तर बोलणारच नाही" ही भीती खोटी आहे, चित्रं वापरणारी मुलं बोलण्यात मागे पडत नाहीत. तांड्यावरच्या घरांना कुणीतरी सांगितलेलं असतं की घरात फक्त मराठी बोला, गोरमाटी बंद करा. नका करू. दोन भाषांनी ऑटिझम वाढत नाही, आणि ज्या भाषेत आईला लाड करता येतात ती बंद केली तर मुलाच्या वाट्याला उरतं काय?

वाचाउपचार, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षक जिथे मिळतील तिथे घ्याच. संभाजीनगरात ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईने, अंबिका टाकळकर यांनी, सुरू केलेलं 'आरंभ' आहे, मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं 'उम्मीद' आहे. पण आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं थेरपी आणि उरलेला आठवडा काहीच नाही, त्याने भागत नाही.

आता जिथे रानं विकली जातात तो विषय. स्टेम सेलची इंजेक्शनं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्पष्ट सांगितलं की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, आणि तो उपचार विकणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग धरला जाईल. तरीही एजंट येतात, ओळखीच्या ओळखीने येतात. शरीरातले जड धातू काढण्याची सलाइन, दाबाच्या प्राणवायूची पेटी, यांचंही तेच. ग्लुटेन नसलेला आहार हे आणखी एक खूळ. गहू बंद करा म्हणून महागडी पिठं विकतात. अहो, आपली ज्वारी-बाजरीची भाकरी जन्मापासून ग्लुटेनमुक्तच आहे! तेवढ्याने ऑटिझम जात असता तर मराठवाड्यात तो शिल्लकच राहिला नसता.

एक गोष्ट सांगतो, शेतकऱ्यांना आवडेल. कॅनर यांच्या ११ मुलांपैकी पहिला डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. सतत मोजायचा, फिरत्या वस्तूंत गुंगून जायचा. त्याला काही काळ एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. ते शिकलेले थेरपिस्ट नव्हते. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर त्यांनी त्याला नांगरता नांगरता ओळी मोजायला लावलं. मापं घेण्याचा नाद होता, तर विहिरीची खोली मोजून सांगायचं काम दिलं. कॅनर भेटीला गेले तेव्हा पोरगा घोडा आणि नांगर नीट हाकत होता, ओळीच्या टोकाला वळवतही होता. पुढे तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, जग हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी त्याच गावात वारला. घर सधन होतं, बँक घरचीच होती, हे खरं, ते लपवायचं कारण नाही. पण विहिरीचं माप घ्यायला पैसे लागले नव्हते.

आता उरलेल्या चिठ्ठ्या. प्रमाणपत्राने काय मिळतं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. 'इसा'वर ७० गुण म्हणजे ४० टक्के, आणि सवलतींसाठी ४० टक्के पुरतात. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचासुद्धा काही. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं, ते वेळेत बघा.

शेवटची चिठ्ठी एका अंगणवाडीताईंची आहे. "माझ्याकडे एक अडीच वर्षांचा आहे, नजर देत नाही. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, गेल्या खेपेला तो कारखान्यावर होता. काय करू?" ताई, पथकाची वाट बघू नका. टोळी हलायच्या आत एम-चॅट भरा आणि त्यांच्यासोबत स्वतः जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा, कानांची तपासणी त्याच फेरीत होईल. तारीख पुढची मिळाली तरी चालेल. आईला ते चाकाचं आणि गप्प राहण्याचं दोन-तीनदा करून दाखवा, तिच्याच मोबाइलवर दहा मिनिटं चित्रण करा. कोपीसमोर बसूनही ते करता येतं. त्यांचा नंबर घ्या आणि पंधरा दिवसांनी रात्री, पाळी संपल्यावर फोन करा. दहा मिनिटांचं नवं चित्रण मागवा. आम्हाला पाठवा, आम्ही बघतो.

आणि तो एप्रिलमध्ये परत आला की तुमच्या अंगणवाडीतच बसवा. पहिल्या दिवशी अर्धाच तास, पण बसवा.